‘पुढे’ बटणाच्या पलीकडे काय मिळतं? वांशिक भेदभावावरच्या एका प्रशिक्षणाचा रिव्ह्यू

ऑफिसातल्या सक्तीच्या प्रशिक्षणाचा रिव्ह्यू सहसा कुणी लिहीत नाही. ज्यांनी ते विकत घ्यायचं ठरवलं ते स्वतः शेवटपर्यंत बसत नाहीत, आणि ज्यांना बसवलं जातं त्यांचं मत कुणी विचारत नाही. माझ्या वाट्याला दोन्ही बाजू आल्या. मी ऑपरेशन्स बघते. सपोर्ट टीमच्या शिफ्ट लावायच्या, मुलाखतींच्या पॅनेलवर बसायचं, वर्षअखेरीची मूल्यमापनं लिहायची, हे माझं काम. आमची टीम वेगवेगळ्या देशांत विखुरलेली आहे. एका तक्रारीवरून बरंच रामायण झालं आणि मग कंपनीने कामाच्या ठिकाणच्या वांशिक भेदभावावरची एक तयार सेवा घ्यायचं ठरवलं. निवड समितीत मी होते, नंतर शिकणाऱ्यांच्या रांगेतही होतेच.

पुरवठादाराचं नाव देत नाही. करार चालू आहे, हे एक कारण. दुसरं म्हणजे डेमोला आलेल्या इतरांचा मालही थोड्याफार फरकाने असाच होता, त्यामुळे एकाच्याच नावाने बोटं मोडण्यात अर्थ नाही. तुमच्याकडे येईल तो बहुधा ह्याच जातकुळीतला असेल.

सेवेचे चार भाग आहेत. सगळ्यांसाठी ऑनलाइन कोर्स, मॅनेजर लोकांसाठी थेट कार्यशाळा, तक्रार हाताळणाऱ्यांसाठी साहित्य आणि सराव, आणि निनावी तक्रारींचं एक ॲप. विक्रीला आलेला माणूस पहिल्या आणि शेवटच्या भागावरच जास्त बोलतो, कारण ते स्क्रीनवर छान दिसतात. उपयोग आहे तो मधल्या दोन भागांचा.

ऑनलाइन कोर्सपासून सुरुवात करते, कारण तुमच्यापैकी बहुतेकांच्या इनबॉक्समध्ये तेवढाच येणार आहे. व्हिडिओंमधले नट चांगले आहेत, चित्रीकरण स्वच्छ आहे, आणि खलनायक पहिल्या दहा सेकंदांत ओळखू येतो. तो आवाज चढवतो, सहकाऱ्याच्या देशावरून टोमणा मारतो, पार्श्वसंगीत गंभीर होतं. मग प्रश्न येतो: ‘हे वागणं योग्य आहे का?’ चार पर्यायांतला सगळ्यात लांब पर्याय बरोबर असतो. दोन धडे झाले की वाचायची गरजच उरत नाही, ‘पुढे’ दाबत राहायचं. आमच्या एका सहकाऱ्याने दुसऱ्या स्क्रीनवर सामना बघत पूर्ण गुण मिळवले आणि प्रमाणपत्र चॅटवर टाकलं.

खऱ्या ऑफिसात असं ओरडत कोण फिरतं? आमच्याकडे तरी कुणी नाही. आमच्याकडे भेदभाव शिफ्टच्या तक्त्यात असतो. मोठ्या ग्राहकांचे कॉल ठरावीक माणसांना जातात आणि रात्रीच्या ईमेल ठरावीक माणसांना. ‘ग्राहकाला उच्चार कळायला अडचण येते’ हे कारण मी स्वतःबद्दल ऐकलं आहे, आणि पुढे तेच कारण इतरांबद्दल दिलं जाताना बैठकीत बसूनही ऐकलं आहे. मुलाखतीनंतर ‘हुशार आहे, पण आपल्यात मिसळेल असं वाटत नाही’ हे वाक्य इतक्या सहज येतं, की ते कुणी टिपूनही ठेवत नाही. कोर्समध्ये ह्यातलं एकच दृश्य आहे, ते केसांबद्दलचं. ‘नीटनेटके केस’ असा नियम लिहिला की कृष्णवर्णीय बायकांच्या वेण्या, जटा आणि नैसर्गिक कुरळे केस त्यात आपोआप ‘अव्यवस्थित’ ठरतात. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये ह्याविरुद्ध वेगळा कायदा केला, हेही तिथे सांगितलं आहे. तो तीन मिनिटांचा तुकडा बाकी सगळ्या कोर्सपेक्षा सरस आहे, कारण त्यात कुणीच ओरडत नाही.

कायद्याचा धडा म्हणजे जगाचा नकाशा. देशावर क्लिक करा, कायद्याचं नाव उगवतं. अमेरिकेचा १९६४ चा नागरी हक्क कायदा, त्यातलं सातवं प्रकरण नोकऱ्यांबद्दलचं. ब्रिटनचा २०१० चा समानता कायदा. युरोपीय संघाचा २००० चा वांशिक समानतेचा निर्देश. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९५८ चा करार क्रमांक १११. नावं बरोबर आहेत, पण नुसती नावं कळून उपयोग काय? ज्या एका गोष्टीवर पूर्ण धडा हवा होता ती एका ओळीत उरकली आहे: ‘अप्रत्यक्ष भेदभाव म्हणजे सगळ्यांना सारखा लागू होणारा, पण एका गटाला जास्त झळ पोचवणारा नियम.’ व्याख्या ठीक आहे. पण वाचून कुणाला काय कळलं असेल, शंका आहे.

हे समजवायला एक जुना खटला पुरेसा होता. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात ड्यूक पॉवर कंपनीचं डॅन रिव्हर हे वीजकेंद्र होतं. तिथे कृष्णवर्णीय कामगारांना फक्त एकाच विभागात घेत, मजुरीच्या. त्या विभागातला सगळ्यात जास्त पगार हा बाकी विभागांतल्या सगळ्यात कमी पगाराहूनही कमी होता. १९६४ च्या कायद्यातल्या नोकरीविषयक तरतुदी २ जुलै १९६५ ला लागू झाल्या. त्याच दिवसापासून कंपनीने बाकी विभागांत नव्याने घेण्यासाठी शालान्त प्रमाणपत्राच्या जोडीला दोन चाचण्या आवश्यक केल्या. नियम सगळ्यांना सारखाच, कागदावर कुठेही रंग नाही. पण त्या राज्यात १९६० च्या जनगणनेनुसार शालेय शिक्षण पूर्ण केलेले गोरे पुरुष होते ३४ टक्के आणि कृष्णवर्णीय १२ टक्के. शिवाय प्रमाणपत्राशिवाय आधीच लागलेले गोरे कामगार त्याच विभागांत व्यवस्थित काम करत होते, बढत्या घेत होते. म्हणजे त्या कामाला प्रमाणपत्र लागतच नव्हतं. १९७१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की मालकाचा हेतू चांगला होता की वाईट ह्याने फरक पडत नाही. अट कामाशी संबंधित आहे हे त्याला दाखवता आलं पाहिजे.

हा खटला मला कोर्सने नव्हे, कार्यशाळेतल्या बाईंनी सांगितला. ऐकताना आमच्याच जाहिराती डोळ्यांसमोर आल्या. ‘मातृभाषेसारखं इंग्रजी आवश्यक’ ही अट आम्ही वर्षानुवर्षं अशा पदालाही लावत होतो, जिथला माणूस दिवसभर आकड्यांचे तक्ते जुळवतो आणि बोलतो फक्त शेजारच्याशी. ती कुणी आणि का घातली हे कुणालाच आठवेना. मागच्या जाहिरातीवरून उचलली, त्याच्या मागची त्याच्या मागच्यावरून.

कोर्समधली आणखी एक गोष्ट मला खटकली. सुप्त पूर्वग्रह मोजणारी चाचणी. पडद्यावर चेहरे आणि शब्द झरझर येतात, तुम्ही कळा दाबता, आणि शेवटी तुमच्या मनाचा निकाल लागतो. ह्या प्रकारची चाचणी मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये मांडली, आणि संशोधनाचं साधन म्हणून तिला जागा आहे. पण एकाच माणसाने पुन्हा दिली तर गुण बरेच बदलू शकतात, आणि एकेका व्यक्तीबद्दल निष्कर्ष काढायला ती वापरू नये असा इशारा खुद्द त्या क्षेत्रातल्या लोकांनीच दिलेला आहे. २०१९ मध्ये जवळपास ५०० अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा ह्या मोजमापातले गुण बदलले म्हणून वागणं बदलतं असं काही हाती लागलं नाही. आमच्याकडे त्या निकालाचे दोनच परिणाम झाले. ज्यांना ‘सौम्य’ आलं ते निश्चिंत झाले, आणि ज्यांना ‘तीव्र’ आलं ते चिडले. एक जण तर संपूर्ण कार्यशाळाभर हाताची घडी घालून बसला होता. ऑनलाइन कोर्सला पाचपैकी दीड तारा, तोही केसांच्या दृश्यासाठी.

प्रशिक्षणाने फारसं काही होत नाही, हे म्हणणारी मी पहिली नाही. फ्रँक डॉबिन आणि अलेक्झांड्रा कालेव्ह ह्या समाजशास्त्रज्ञांनी, एरिन केली ह्यांच्यासोबत, अमेरिकेतल्या ७०८ खासगी आस्थापनांची १९७१ ते २००२ ह्या काळातली आकडेवारी तपासली. व्यवस्थापनात कोण पोचलं ह्यावर सगळ्यात कमी परिणाम दिसला तो पूर्वग्रह कमी करण्याच्या प्रशिक्षणांचा. सगळ्यात जास्त दिसला तिथे, जिथे कुणाच्या तरी अंगावर जबाबदारी टाकली होती: समिती, ठरलेला अधिकारी, विचारला जाणारा जाब. समितीत हा अभ्यास मी वाटला होता. सगळ्यांनी मान डोलावली आणि मग व्हिडिओ कोणाचे जास्त आकर्षक ह्यावर पाऊण तास चर्चा झाली.

आता कार्यशाळा. प्रशिक्षक बाई ह्या कामात मुरलेल्या होत्या, आणि सेवेत जो काही जीव आहे तो त्यांच्यामुळे. सगळ्यांना अशीच मिळेल ह्याची हमी नाही. करारात प्रशिक्षकाचं नाव घालून घेता आलं तर घाला.

त्यांनी आधीच सांगितलं होतं की प्रत्येक मॅनेजरने मागच्या वर्षीची चार मूल्यमापनपत्रं नाव, पद आणि देश खोडून आणायची. ती सगळी एकत्र मिसळली आणि प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचायला लावलं. एक गठ्ठा ‘पुढाकार घेतो’, ‘स्पष्टवक्ती आहे’, ‘मोठी जबाबदारी द्यायला हरकत नाही’ अशा वाक्यांचा झाला. दुसरा ‘मेहनती आहे’, ‘दिलेलं काम चोख करते’, ‘कधीकधी आक्रमक वाटतो’, ‘टीममध्ये अजून मोकळी झालेली नाही’ असा. मग बाईंनी प्रत्येकाला फक्त स्वतःशीच ताडून बघायला सांगितलं, कुठलं पत्र कुणाचं. खोली गप्प झाली वगैरे नाटकी काही घडलं नाही. उलट गलका झाला. ‘पण तो खरंच आक्रमक आहे!’ असं एक जण म्हणाला. बाई म्हणाल्या, असेल, मग कुठल्या दिवशी, कुठल्या बैठकीत, काय बोलला ते पत्रात का नाही? स्पष्टवक्तीच्या पत्रात तर तारखेसकट प्रसंग लिहिला आहे. त्यावर उत्तर नव्हतं. हा फरक माझ्या डोक्यात पक्का बसला. काहींच्या बाबतीत आपण पुरावा लिहितो, काहींच्या बाबतीत स्वभाव.

आमचे वरिष्ठ साहेब ठरल्याप्रमाणे म्हणाले, ‘मी माणसाचा रंग बघतच नाही.’ बाईंनी वाद घातला नाही. ‘छान. मग आपण पगाराचा तक्ता बघू,’ म्हणाल्या आणि स्लाइड पुढे नेली. तक्ता आमचा नव्हता, नमुन्याचा होता, पण साहेबांनी नंतर आमचाही मागवला असं कळलं.

भरतीबद्दलचा तासही दमदार होता. बाईंनी दोन प्रयोग शेजारी शेजारी ठेवले. पहिला शिकागो आणि बॉस्टनमधला, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला. सुमारे ५,००० काल्पनिक अर्ज पाठवले, मजकूर तोलामोलाचा, फरक नावाचा. गोऱ्यांची वाटतील अशा नावांना दर १० अर्जांमागे एक बोलावणं, कृष्णवर्णीयांची वाटतील अशा नावांना दर १५ मागे एक. हा आपल्यातल्या अनेकांनी कुठेतरी ऐकलेला असतो. दुसरा अलीकडचा आणि कितीतरी मोठा, अमेरिकेतल्या शंभराहून जास्त बड्या कंपन्यांना मिळून ८०,००० च्या वर अर्ज. त्यात सरासरी फरक बराच लहान निघाला, पण तो सगळ्या कंपन्यांत सारखा पसरलेला नव्हता. हुकलेल्या बोलावण्यांपैकी जवळपास निम्मी फक्त एक पंचमांश कंपन्यांच्या खात्यावर होती, आणि जिथे भरतीचं काम एका ठिकाणी केंद्रित होतं तिथे फरक कमी आढळला. ह्यावरून माझी खात्रीच पटली. भेदभाव हा सगळ्यांच्याच मनात दडलेला असतो असं म्हटलं की कुणालाच काही करावं लागत नाही. तो काही ठरावीक ऑफिसांच्या ठरावीक पद्धतींतून जास्त होतो म्हटलं, की मग पद्धत बदलावी लागते.

कार्यशाळेतली चूकही सांगते, कारण ती मोठी आहे. दुसऱ्या सत्रात ‘अनुभव सांगा’ असा भाग होता, आणि सगळ्यांच्या नजरा फिरून आमच्या एकमेव आफ्रिकी सहकाऱ्यावर स्थिरावल्या. बाईंनीही त्याच्याकडे बघून ‘तुम्हाला काही सांगावंसं वाटतं का?’ असं विचारलं. तो शांतपणे म्हणाला, ‘मला पगार सॉफ्टवेअरचा मिळतो. शिकवण्याचा ज्यांना मिळतो त्यांनी शिकवावं.’ बाईंनी लगेच माफी मागितली, पण हा भाग छापील आराखड्यातच होता. ज्याला सोसावं लागतं त्यानेच उभं राहून पुरावे द्यायचे, आणि तेही आपलं मूल्यमापन लिहिणाऱ्या माणसांसमोर? डेमोच्या वेळी हे विचारून घ्या आणि तो भाग काढायला लावा.

आणखी एक गोष्ट आपल्या लोकांसाठी. असे कोर्स बघताना आपण स्वतःला अलगद सोसणाऱ्यांच्या बाजूला बसवतो. ज्या तक्रारीवरून आमच्याकडे हे सगळं सुरू झालं, तिच्यात तसं नव्हतं. तक्रार करणाऱ्या सहकाऱ्याला रंगावरून ठेवलेलं नाव आपल्याच माणसांनी ठेवलं होतं, त्याला भाषा येत नाही ह्या भरवशावर. ‘प्रेमाने म्हणतो हो’ हा खुलासाही तयार होता. वेस्ट इंडीजचा कर्णधार राहिलेला डॅरेन सॅमी ह्याने २०२० मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं की आयपीएलमध्ये खेळताना त्याला ‘काळू’ म्हटलं जायचं, आणि त्याचा अर्थ त्याला फार उशिरा कळला. तेव्हाही हाच प्रेमाचा खुलासा पुढे आला. कोर्समध्ये अशा परिस्थितीचा मागमूस नाही. तिथे त्रास देणारा नेहमी गोराच असतो. जातीचं तर नावच नाही. ब्रिटनमधल्या रोजगार अपील न्यायाधिकरणाने २०१४ मध्येच मान्य केलं की जातीवरून होणारा भेदभाव काही वेळा वांशिक उगमाच्या व्याख्येत बसू शकतो, आणि सिॲटल शहराने २०२३ मध्ये तो थेट कायद्याने बंद केला. मी पुरवठादाराला लिहून कळवलं. ‘पुढच्या आवृत्तीत विचार करू’ असं साचेबद्ध उत्तर आलं. कार्यशाळेला तरीही चार तारे.

ॲपबद्दल थोडक्यात. निनावी तक्रार करता येते, डॅशबोर्डवर रंगीत वर्तुळं दिसतात. पण ज्या टीममध्ये एकच कृष्णवर्णीय माणूस आहे तिथे ‘रंगावरून शेरेबाजी’ ही निनावी तक्रार कितपत निनावी राहते? शिवाय नोंदणी करताना वंश निवडायला जी यादी येते ती एका देशाच्या सवयीने बनवलेली आहे. मी, फिलिपिन्सची सहकारी आणि जपानी अकाउंटंट, आम्ही तिघं एकाच चौकोनात. फ्रान्ससारख्या देशात कर्मचाऱ्यांच्या वंशाची अशी नोंद ठेवण्यावरच कडक बंधनं आहेत, हे तर विक्रेत्याच्या गावीही नव्हतं. अर्धा तारा. खरं तर तोही जास्त.

ज्या भागासाठी मी हा रिव्ह्यू लिहायला बसले तो म्हणजे तक्रार हाताळणीचं साहित्य. दिसायला रूक्ष, काळ्या अक्षरांतली पानं, एकही चित्र नाही. पण वापरून बघितल्यावर कळतं की हे कुणीतरी खऱ्या तक्रारींत होरपळून लिहिलं आहे. पहिल्या भेटीत काय विचारायचं आणि काय नाही: ‘तुमचा गैरसमज तर झाला नाही ना?’ हा प्रश्न नाही, ‘ते तसे नाहीत हो’ हे वाक्य नाही. तारीख, वेळ, जागा, नेमके शब्द, आजूबाजूला कोण होतं, एवढं आधी लिहून घ्यायचं. आणि लिहिलेलं तक्रार करणाऱ्याला वाचून दाखवायचं. चौकशी करणारा माणूस दोघांपैकी कुणाच्याही साहेबांच्या साखळीतला नको. निकाल लेखी द्यायचा. आणि ‘वातावरण निवळावं म्हणून’ तक्रार करणाऱ्याचीच बदली करायची नाही. हे शेवटचं वाचून आमच्या एचआरच्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

सूड घेण्याबद्दल वेगळं प्रकरण आहे आणि ते उत्तम आहे. अमेरिकेच्या समान रोजगार संधी आयोगाकडे येणाऱ्या तक्रारींत सूडबुद्धीने वागवल्याची तक्रार सगळ्यात जास्त असते. अलीकडच्या वर्षांत साधारण निम्म्या तक्रारींत तो मुद्दा आहे. म्हणजे मूळ भेदभाव शाबीत होवो न होवो, तक्रार केली म्हणून शिफ्ट बदलली, बैठकीचं आमंत्रण थांबलं, हे स्वतंत्रपणे अंगाशी येतं. साहित्यात त्यासाठी एक साधा तक्ता दिला आहे: तक्रारीच्या आधीचे तीन महिने आणि नंतरचे सहा महिने, त्या माणसाच्या शिफ्ट, कामाचं वाटप, रजा, गुण. मी तो वापरते आहे. भरायला दहा मिनिटं लागतात, आणि काही गडबड असेल तर ती दिसते.

सरावासाठी दिलेलं एक प्रकरण ब्रिटनमधल्या खऱ्या निकालावर बेतलेलं आहे. भारतीय वंशाच्या एका कर्मचाऱ्याला सहकारी वंशावरून डिवचत असे. कंपनीने बचावात म्हटलं, आम्ही समानतेचं प्रशिक्षण दिलं होतं. दिलंही होतं, २०१५ च्या सुरुवातीला, आणि डिवचणाराही त्यात होता. छळ त्यानंतर दीड-दोन वर्षांनी झाला. दोन मॅनेजरांच्या कानावर गोष्ट गेली होती आणि त्यांनी पुढे काही धड केलं नाही. अपील न्यायाधिकरणाने २०२१ मध्ये बचाव नाकारला. प्रशिक्षण शिळं झालं होतं आणि त्याचा उपयोग होत नाहीये हे दिसत असताना कंपनी गप्प होती. प्रशिक्षण विकणाऱ्या कंपनीने हे प्रकरण आपल्याच साहित्यात घातलं ह्याचं मला कौतुक वाटतं. अर्थात त्याचा दुसरा अर्थ ‘दर वर्षी आमच्याकडून नव्याने घ्या’ असाही होतो, आणि तो त्यांना चांगलाच कळतो. साडेचार तारे.

अर्धा का कापला? एवढ्या सगळ्या पानांत कर्मचाऱ्याने कंपनीबाहेर कुठे जायचं हे कुठेच नाही. ना आयोग, ना न्यायाधिकरण, ना युनियन. मुदतीही नाहीत, आणि ह्या प्रकरणांत मुदत हीच जीवघेणी असते. अमेरिकेत आयोगाकडे जायला साधारण १८० दिवस, राज्यात तशी यंत्रणा असेल तर ३००. अंतर्गत तक्रार चालू आहे म्हणून ते घड्याळ सहसा थांबत नाही. माणूस कंपनीच्या उत्तराची सभ्यपणे वाट बघत बसतो आणि दरवाजा बंद होतो. मी विक्रेत्याला फोनवर विचारलं. तो प्रामाणिक निघाला. म्हणाला, ‘ते पान आमच्याकडे आहे, मॅडम. बहुतेक ग्राहक ते काढायला सांगतात, म्हणून आता आम्ही घालतच नाही.’ ग्राहक म्हणजे अर्थातच पैसे भरणारी कंपनी.

आम्ही ते पान मागवून घेतलं. कायदा विभागाने दोन आठवडे अडवलं, मग देशानुसार यंत्रणा आणि मुदती दुरुस्त करून सोडलं. आता ते नव्या माणसाच्या पहिल्या दिवसाच्या कागदांत जातं.

बाकी बदल छोटे आहेत. मुलाखतीत सगळ्यांना तेच प्रश्न, आणि पॅनेलने आपसांत बोलण्याआधी आपापले गुण लिहून टाकायचे. मोठ्या ग्राहकांचे कॉल आता फिरत्या यादीने जातात. पहिल्या महिन्यात दोन ग्राहकांनी कुरकुर केली, नंतर नाही. भाषेची ती अट गेली. मूल्यमापनात ‘आक्रमक’ लिहायचं असेल तर खाली प्रसंग लिहावा लागतो, आणि तो शब्द जवळजवळ नाहीसाच झाला आहे. ज्यांनी नाव ठेवलं होतं त्यांच्यापैकी एक अजून माझ्याशी कामापुरतं बोलतो. चालेल.

तुमच्या कंपनीत ही सेवा घ्यायची चर्चा असेल, तर डेमोला व्हिडिओ बघू नका, तक्रार हाताळणीची पानं मागा आणि ती तिथेच बसून वाचा. बाहेरच्या यंत्रणांचं पान वेगळं मागा. कार्यशाळा आणि साहित्य एवढंच, कोर्स आणि ॲप वगळूनही मिळतं. दरपत्रकात तसं लिहिलेलं नसतं, विचारावं लागतं.